टायरमध्ये ९१ पीएसआय: वायूचं गणित शिकताना शून्य कुठून धरायचं

बेळगावात आमच्या गल्लीतला एक पोरगा मराठी शाळेतून एसएसएलसी, म्हणजे कर्नाटकातली दहावी, झाला आणि पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्सला गेला. एका संध्याकाळी वही घेऊन माझ्या दारात. "मामा, बघा की, उत्तर काहीतरी भलतंच यालंय." गणित त्याने स्वतःच रचलं होतं, त्यामुळे मला आधीच बरं वाटलं. डिसेंबरातली सकाळ, हवा १७ अंश. बाबांनी गाडीच्या टायरमध्ये ३३ पीएसआय (दर चौरस इंचाला इतके पौंड रेटा) हवा भरली. गोव्याला जाताना टायर तापून ४७ अंशांवर गेला, तर आतला दाब किती? पोराने ३३ ला ४७ ने गुणलं, १७ ने भागलं. उत्तर ९१ पीएसआय.

तसं खरंच होत असतं तर गोव्याच्या वाटेवरच्या चोर्ला घाटात रोज टायरांचे फटाके ऐकू आले असते.

त्याचं सूत्र बरोबर होतं, तापमान जितके पट तितके पट दाब, गुणाकार-भागाकारही बरोबर. चूक होती शून्यात, आणि तीही दोन ठिकाणी. मी इथल्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, आधी फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) आणि मग मशीन शॉपच्या मेंटेनन्सला आयुष्य काढलं. कॉम्प्रेसर, टायर, भट्टी, सगळीकडे नवीन माणूस याच दोन जागी अडखळताना बघितला. म्हणून हा लेख. तुम्ही पीयूसीचे विद्यार्थी असा, आयटीआयचे असा, नाहीतर पंक्चरच्या दुकानात नव्याने लागलेले असा, रस्ता एकच आहे. घरच्या वस्तूंनी दोन प्रयोग करायचे आहेत. वाचून सोडून दिलं तर अर्धंच कळेल.

आधी शब्द जुळवून घ्या

सीमाभागातल्या पोराचं दुखणं असं की एकच गोष्ट तीन भाषांत शिकायची. मराठी पुस्तकात दाब, आकारमान, तापमान. कॉलेजात प्रेशर, व्हॉल्यूम, टेम्परेचर. कन्नड माध्यमातला शेजारचा मित्र म्हणतो ओत्तड, गात्र, ताप. आपल्याकडे गात्रं थकतात आणि ताप आला की औषध घेतात, तेव्हा पहिले चार दिवस हसू येणारच. तिन्ही भाषांतले शब्द एका पानावर लिहून वहीच्या पहिल्या पानाला चिकटवा. कारखान्यात आणखी चौथी भाषा असते, तिथे दाबाला "किलो" म्हणतात. "सहा किलो हवा आहे" म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सहा किलोग्रॅम वजनाइतका रेटा. एक किलो म्हणजे साधारण १४.२ पीएसआय. हा आकडा पाठच करा, रोज लागतो.

दाब नेमका कशाने पडतो? जुलैत जांबोटीकडे पत्र्याच्या घरात राहिला असाल तर समजायला सोपं. एकेक थेंब वेगळा ऐकू येत नाही, सगळ्या पत्र्यावर एकसारखा मारा चालू असतो. वायूचे रेणू भांड्याच्या भिंतीवर असाच मारा करतात. तेवढेच थेंब अर्ध्या पत्र्यावर पाडले तर दर हातभर पत्र्यावर मार दुप्पट. आणि थेंब जास्त वेगाने यायला लागले तरी मार वाढणार. जागा आवळणं हे पहिलं, तापवणं हे दुसरं. सगळा धडा एवढ्यातच आहे, पुढे फक्त मोजमाप.

पायरी पहिली: दाबाचा खरा शून्य

टायर रिकामा झाला की हवेचं मीटर शून्य दाखवतं. पण त्या टायरात हवा नाही असं थोडंच आहे? बाहेर जेवढी, तेवढी आत आहेच. मीटर फक्त बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त एवढंच सांगतं. रेणूंच्या हिशोबात खरा शून्य म्हणजे भिंतीवर एकही थेंब न पडणं. म्हणून मीटरच्या आकड्यात बाहेरच्या हवेचा दाब मिळवायचा आणि मगच सूत्रात घालायचा. याला निरपेक्ष दाब म्हणतात.

मिळवायचा किती? पुस्तकात १०१.३ किलोपास्कल, म्हणजे १४.७ पीएसआय असतं. तो समुद्रकाठचा आकडा. पणजीला चालेल, आपल्याला नाही. बेळगाव समुद्रापासून सुमारे साडेसातशे मीटर उंच, डोक्यावरचा हवेचा थर तेवढा कमी. इथे दाब ९२.६ किलोपास्कलच्या आसपास असतो, म्हणजे १३.४ पीएसआय किंवा ०.९४ किलो. हवामानाप्रमाणे थोडा इकडेतिकडे होतो, पण आपल्या कामाला एवढं पुरे.

इथे एक खड्डा आहे आणि हुशार पोरंच त्यात पडतात. मोबाइलवरच्या हवामानाच्या अॅपमध्ये बेळगाव टाकलं की दाब १०१० किंवा १०१२ हेक्टोपास्कल दिसतो (दहा हेक्टोपास्कल म्हणजे एक किलोपास्कल). पोरगं म्हणतं, "मामा, तुमचं चुकलं, हे बघा एक हजार बारा." अॅप खोटं बोलत नाही. पण वेगवेगळ्या उंचीच्या गावांची तुलना करता यावी म्हणून हवामानखात्यांत प्रत्येक गावाचा दाब समुद्रसपाटीवर आणून सांगायची रीत आहे. आपल्या गल्लीत प्रत्यक्ष असलेला दाब तो नव्हे. काही मोबाइलमध्ये दाबमापक बसवलेला असतो, त्याचा कच्चा आकडा दाखवणारं अॅप घेतलं तर ९२५-९३० च्या घरात काहीतरी दिसेल. तो खरा.

सिरिंज आणि स्वयंपाकघरातला काटा

मोबाइलवरही विश्वास नको असेल तर बेळगावची हवा घरी तोला. मेडिकलमधून २० मिलिची सिरिंज आणा, सुई नको. पाच किलोपर्यंतचा डिजिटल काटा घरात असेलच, नसेल तर शेजारी मागा.

दट्ट्या २० च्या खुणेपर्यंत ओढा आणि तसाच ठेवून टोकाच्या भोकात एमसील भरा. रात्रभर सुकू द्या. घाई केली तर एमसील सुटून उडतं, मी चष्म्यावर झेललंय. आता पट्टी घेऊन शून्याच्या खुणेपासून वीसच्या खुणेपर्यंतची लांबी मोजा. माझ्या सिरिंजमध्ये ती ६.७ सेंटिमीटर भरली. २० ला ६.७ ने भागलं की दट्ट्याचं क्षेत्रफळ मिळतं, साधारण ३ चौरस सेंटिमीटर. व्हर्नियर, म्हणजे बारीक मापाचं हत्यार, लागत नाही.

सिरिंज उलटी धरून दट्ट्याची चपटी बाजू काट्यावर टेकवा, काटा शून्य करा. मग नळी सरळ खाली दाबा. हळू. हवा १५ मिलिवर आली की काट्यावर एक किलोच्या आतबाहेर काहीतरी दिसेल. आणखी दाबून १० वर आणा. रेटा एकदम वाढलेला जाणवेल. ८ पर्यंत नेताना हात थरथरायला लागतात.

रबराचं घर्षण आकडा बिघडवतं. त्यावर फिटरची युक्ती आहे. खाली दाबत जाताना १० च्या खुणेवर वाचा, मग थोडं पुढे दाबून सैल सोडत परत १० वर आल्यावर वाचा. मला जाताना ३.२ किलो मिळाले, येताना अडीच. जाताना घर्षण आपल्या विरुद्ध, येताना आपल्या बाजूने, त्यामुळे सरासरीत ते निघून जातं. सरासरी २.८५.

आता या आकड्याकडे नीट बघा. हवा २० वरून १० वर आणली, आकारमान निम्मं झालं, म्हणजे आतला निरपेक्ष दाब दुप्पट व्हायला हवा. दुप्पट म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा बरोबर एक "बाहेरची हवा" जास्त. काटा ती जास्तीचीच मोजतोय. २.८५ ला ३ ने भागा. ०.९५ किलो. दाबाच्या खऱ्या शून्यासाठी जो ०.९४ आपण मिळवत होतो, तो स्वयंपाकघरात सापडला. हीच सिरिंज पणजीत सील करून तिथेच दाबली तर १.०३ च्या जवळ यायला पाहिजे.

बाकीच्या खुणाही तपासा. १५ वर दाब २० भागिले १५ पट, म्हणजे जास्तीचा एक तृतीयांश, काट्यावर ०.९४ किलो. ८ वर अडीचपट, जास्तीचा दीडपट, काट्यावर सव्वाचार किलो. प्रत्येक ठिकाणी निरपेक्ष दाब गुणिले आकारमान तेवढंच राहतं. रॉबर्ट बॉइलने १६६२ मध्ये हेच छापलं. त्याच्याकडे सिरिंज नव्हती, इंग्रजी जे अक्षरासारखी वाकडी काचनळी होती. एका तोंडाने पारा ओतत जायचा आणि बंद टोकातली हवा किती आवळली ते बघायचं. त्यालाही आधी बाहेरच्या हवेचा पारा मिळवावा लागलाच.

हळू दाबा असं का म्हणालो? सायकलला पंपाने भराभर हवा मारून पंपाच्या तळाला हात लावा, चटका बसतो. हवा झटक्यात आवळली की तापते, आणि बॉइलचा नियम तापमान तेवढंच असलं तरच चालतो. दाबल्यावर दोन श्वास थांबायचं, मग वाचायचं.

पायरी दुसरी: तापमानाचा खरा शून्य

सेल्सिअसचा शून्य म्हणजे बर्फ वितळतो ती जागा. पाण्याच्या सोयीचा शून्य आहे तो, हवेला त्याच्याशी देणंघेणं नाही. हवेचा शून्य शोधायला स्टीलची एकेरी पाण्याची बाटली घ्या, थर्मासची नको. काचेची तर अजिबात नको, तडकते. लहान पोरांनी मोठ्या माणसाला सोबत घ्या.

बाटली आतून खडखडीत कोरडी हवी. उन्हात उघडी ठेवा. आधी तिच्यात काठोकाठ किती पाणी मावतं ते मोजून ठेवा, माझी ७०० मिलिची आहे. पातेल्यात पाणी तापवा, बाटली त्यात मानेपर्यंत उभी करा, तोंड वर आणि उघडं. थर्मामीटर ७७ अंशांवर दहा मिनिटं स्थिर ठेवायचा, गॅस बारीक-मोठा करत. मग रबरी बूच घट्ट लावा, फडक्याने धरून बाटली उचला आणि बादलीतल्या गार पाण्यात पूर्ण बुडवून ठेवा. पाणी २७ अंशांचं असलं की हिशोब सोपा. पाच मिनिटांनी बाटली उलटी करा, तोंड पाण्यात चार बोटं बुडालेलं ठेवून बूच काढा. सुर्रकन पाणी आत शिरतं. तिथेच बूच लावा, बाटली सरळ करा, आत आलेलं पाणी मापाने मोजा.

पुस्तकाप्रमाणे १०० मिलि यायला हवं. म्हणजे ५० अंश उतरल्यावर ७०० पैकी १०० मिलि हवा आक्रसली. याच दराने सगळी ७०० मिलि आक्रसायला ५० च्या सातपट, ३५० अंश उतरावं लागेल. ७७ मधून ३५० गेले, राहिले उणे २७३. तोच हवेचा शून्य. अचूक आकडा उणे २७३.१५ आहे. प्रत्यक्षात हवा तिथे पोचायच्या आधीच द्रव होते, पण रेघ त्याच बिंदूकडे रोखलेली असते.

माझ्या हातून मात्र १०० मिलि कधी आलं नाही, ९० च्या आसपास येतं. ९० धरून हिशोब केला तर शून्य उणे ३१२ वर जातो. पहिल्यांदा मला वाटलं बूच गळतंय. बूच ठीक होतं. पाणी आत शिरलं की त्याची थोडी वाफ कोरड्या हवेत मिसळते आणि जागा अडवते, तेवढं पाणी कमी येतं. उलट बाटली सुरुवातीलाच ओली असली तर ७७ अंशांना आत बरीच वाफ असते, गार झाल्यावर ती पाणी होऊन बसते आणि मग १०० पेक्षा कितीतरी जास्त पाणी आत येतं. एका पोराने अशी ओली बाटली वापरून खरा शून्य उणे सव्वाशेवर आणला होता. आलेला आकडा खोडून पुस्तकातला लिहू नका. का चुकला ते शोधलं तर वाफेबद्दल एक गोष्ट फुकटात शिकायला मिळते, आणि ती लेखाच्या शेवटी लागणार आहे.

तर सेल्सिअसमध्ये २७३ मिळवा, केल्विन झालं. आकारमान आणि केल्विन तापमान एकाच प्रमाणात वाढतात, ही गोष्ट जाक शार्लने १७८० च्या दशकात पाहिली. फुग्यांचा माणूस, १७८३ मध्ये हायड्रोजनचा फुगा उडवला त्याने. छापलं मात्र गे-ल्युसॅकने, १८०२ मध्ये, आणि श्रेय प्रामाणिकपणे शार्लला दिलं.

पायरी तिसरी: दोन्ही एकत्र

निरपेक्ष दाब गुणिले आकारमान भागिले केल्विन तापमान. हवा तेवढीच असेल, आत गेली नाही, बाहेर आली नाही, तर हा आकडा बदलत नाही. आधी लिहा, नंतर लिहा, मधे बरोबरचं चिन्ह. दाब दोन्हीकडे एकाच एककात असला की झालं, पीएसआय असो वा किलोपास्कल. किती हवा आहे हेही हिशोबात घ्यायचं असेल तर मोल (रेणूंची संख्या मोजायचं माप) आणि ८.३१४ हा स्थिरांक येतो, पण तो कॉलेजात शिकवतीलच.

आता चोर्ल्याला जाऊ. प्लास्टिकची एक लिटरची रिकामी बाटली सकाळी बेळगावात झाकण घट्ट लावून गाडीत टाका. जांबोटी, कणकुंबी करत घाटमाथ्यापर्यंत तिला काही होत नाही, कारण तीही उंची बेळगावच्याच आसपासची. केरीकडे उतरायला लागलं की मागच्या सीटवर कडक-कडक आवाज येतो. कानांतही दडे बसतात, कारण तेच. पणजीला पोचल्यावर बाटलीला पोचा पडलेला असतो.

किती? दाब ९२.६ वरून १०१.३ झाला, म्हणून आकारमान ९२.६ भागिले १०१.३ पट, १००० चे ९१४ मिलि. पण सकाळी बेळगावात १७ अंश होते, २९० केल्विन, आणि पणजीत दुपारी ३२, म्हणजे ३०५. तापमान उलट्या बाजूने ओढतंय. ९१४ गुणिले ३०५ भागिले २९०, आले ९६१ मिलि. पोचा ३९ मिलिचा. तीच बाटली गोव्यातल्या मामीच्या फ्रीजमध्ये ठेवून बघा, पोचा खोल होतो. प्लास्टिकला स्वतःचा ताठपणा असतो, त्यामुळे हिशोबाइतका पोचा सहसा पडत नाही, पण दिशा चुकत नाही. गोव्याहून आणलेला चिप्सचा पुडा इथे येईतो टम्म फुगतो, ते याचंच उलट.

पुन्हा तो टायर

पोराला बसवून गणित पुन्हा करायला लावलं. मीटरचे ३३, त्यात बेळगावची हवा १३.४, निरपेक्ष ४६.४. तापमान २९० वरून ३२०. टायर फारसा फुगत नाही, आकारमान तेवढंच धरू. ४६.४ गुणिले ३२० भागिले २९०, बरोबर ५१.२. मीटरवर काय दिसेल? अजून बेळगावातच असू तर १३.४ वजा, ३७.८. खाली पणजीत उतरलो असू तर १४.७ वजा, ३६.५. टायर तोच, आतली हवा तीच, गरमीही तीच, पण घाट उतरल्यामुळे मीटर सव्वा पीएसआय कमी दाखवतं.

पोरगा जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "पण मामा, केल्विन घेऊन मीटरचेच ३३ घातले असते तर ३६.४ आलं असतं की." खरंच येतं. ३३ गुणिले ३२० भागिले २९०, ३६.४. बाहेरची हवा न मिळवण्याची चूक आणि दोन गावांच्या उंचीतला फरक विसरण्याची चूक, दोघींनी एकमेकींना खाल्लं. अशी उत्तरं सगळ्यात घातक. बेळगावात राहून गाडी नुसती रिंगण घालत तापवली असती तर तीच रीत जवळजवळ दीड पीएसआयने चुकली असती.

यातून गाडीवाल्यांना एक कामाची गोष्ट. पणजीत दुपारी तापलेल्या टायरात मीटर ३६ दाखवतंय म्हणून घाबरून हवा सोडून ३३ वर आणली, तर दुसऱ्या दिवशी थंडगार सकाळी बेळगावात किती राहील? निरपेक्ष ४७.७, गुणिले २९० भागिले ३२०, ४३.२, वजा १३.४. तीसाच्या आत आली. टायर गार असताना घरच्या जवळ हवा बघा, ते म्हणतात ते उगाच नाही.

कॉम्प्रेसरची टाकी किती पुरेल

हे पंक्चरच्या दुकानात नव्या माणसासाठी. टाकी १०० लिटरची, काटा सहा किलोवर, लाइट गेली. किती गाड्यांचे टायर भरून देता येतील?

कारच्या टायरात आतली जागा साधारण ३० लिटर धरू. ३३ पीएसआय म्हणजे २.३२ किलो. टायर सपाट असला तरी बाहेरच्या दाबाची हवा त्यात आहेच असं धरा, वर घालायची फक्त २.३२ किलोची. ती मोकळ्या हवेच्या मापात २.३२ भागिले ०.९४ गुणिले ३०, साधारण ७४ लिटर. टाकी सहावरून २.३२ वर उतरेपर्यंतच हवा टायरात जाईल, त्यानंतर दोघांचा दाब सारखा झाला की रेटा संपला. म्हणजे टाकीतून मिळणारी मोकळी हवा ३.६८ भागिले ०.९४ गुणिले १००, ३९० लिटर. ३९० मध्ये ७४ पाच वेळा जातात. पाच टायर, आणि पाचवा भरताना हवा इतकी रेंगाळत जाते की गिऱ्हाईक "अण्णा, आवरा की ओ" म्हणायला लागतं. नोजल काढता-लावता फुस्स होऊन जाते ती वेगळीच.

टाकीखालचा कॉक रोज उघडून पाणी काढायला विसरू नका. हवा आवळली की तिच्यातला दमटपणा पाणी होऊन तळाशी बसतो, आणि ते पाणी टाकीची जागा खातं, वर पत्रा गंजवतं.

सूत्र जिथे चालत नाही

नवीन शिकलेला माणूस सगळीकडे सूत्र लावत सुटतो. लावण्याआधी दोन गोष्टी विचारा. माल तेवढाच आहे का? आणि आत नुसता वायूच आहे का?

घरच्या गॅस सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तो सगळा वायूरूपात कोंबलाय असं समजून सूत्राने दाब काढला तर बाहेरच्या हवेच्या दोनशे पटींच्या घरात उत्तर येतं. प्रत्यक्षात आपल्याकडच्या हवेत आत दहा किलोच्या आतच दाब असतो, कारण बहुतेक गॅस तिथे द्रव आहे. वायू वापरला की द्रवातला थोडा उकळून त्याची जागा घेतो, दाब होता तिथेच. म्हणून सिलिंडर अर्धा झाला तरी ज्योत तशीच आणि संपायच्या दिवशी अचानक दगा. दाबावरून किती उरलाय ते कळत नाही, वजनावरून कळतं. हॉटेलात मोठ्या शेगड्या एकदम चालू असल्या की उकळायला लागणारी उष्णता द्रव स्वतःतूनच घेतो, सिलिंडर गारठतो, बाहेर दहिवर धरतं, दाब उतरतो, आणि आचारी ओरडतो की गॅस कमी भरलाय. गॅस तेवढाच आहे, थंडावलाय. एका वेळी दोन सिलिंडर जोडून भार वाटून द्यायचा. आच दाखवायचा विचारही मनात आणू नका.

कुकरचंही तेच, आत पाणी आणि वाफ दोन्ही असतात, सूत्र शिट्टीजवळ थांबतं.

आणि फाउंड्री. मी नवीन असताना एका मोल्डची, म्हणजे वितळलेला धातू ओतायच्या वाळूच्या साच्याची, कड थोडी ढासळली. मी पाण्याचा हात मारून ती लिंपली, वरून गुळगुळीत केली, कुणाला कळलं नाही. तिसऱ्या दिवशी कास्टिंग (ओतून झालेला तुकडा) लेथवर चढलं, वरची साल निघाली आणि खाली मधमाशांच्या पोळ्यासारखी भोकं. ब्लो होल. पूर्ण तुकडा भंगारात. मी म्हणालो, आत हवा अडकली असेल. साचे बनवणारे जुने मोल्डर होते, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, ते म्हणाले, "हवेनं एवढं होत नाही रे, तू पाणी लावलास."

तेव्हा पटलं नव्हतं. आता हिशोब येतो. मोल्डमध्ये अडकलेली एक मिलि हवा ३० अंशांवरून १४०० अंशांवर गेली, म्हणजे ३०३ केल्विनवरून १६७३ वर, तर साडेपाच मिलि होते. वायू बाहेर जायला साच्यात ठेवलेल्या व्हेंटच्या भोकांतून निघून जाते बिचारी. पण एक मिलि पाणी आधी वाफ होतं तेव्हाच १०० अंशांना सुमारे १.७ लिटर, आणि ती वाफ १४०० अंशांपर्यंत तापली की आणखी साडेचार पट. सात-आठ लिटर. हवेच्या हजार पटीहून जास्त, एका मिलिमधून, आणि मी ओंजळभर मारलं होतं.

अण्णांना ना केल्विन ठाऊक होता ना शार्ल. त्यांनी मला सँडच्या ढिगाजवळ नेलं, मूठभर उचलून आवळली, मूठ उघडली. बोटांचे ठसे उठलेला गोळा तळहातावर तसाच राहिला, हात मात्र कोरडा. मग तो दोन्ही हातांनी मधोमध मोडला. कड स्वच्छ तुटली, भुगा पडला नाही. "एवढंच पाणी," म्हणाले, आणि मला दुसरी मूठ आवळायला लावली.